वळणांवर रमणारी गाडी : भारतात स्पोर्टी हॅचबॅक घेताना

रोज ऑफिसला जायचं, आठवड्याचा बाजार आणायचा, आईवडिलांना दवाखान्यात न्यायचं आणि एखाद्या रविवारी पहाटे ताम्हिणी किंवा आंबोली गाठायची. दोन गाड्या ठेवण्याची ऐपत नाही, सोसायटीत जागाही एकाच गाडीची. पण गाडी चालवायची हौस मनापासून आहे. अशा माणसासाठी जगभर एक उत्तर सापडलं, ते म्हणजे स्पोर्टी हॅचबॅक. बाहेरून घरगुती, आकाराने आटोपशीर, डिकीत सामान मावणारी आणि रस्ता वळू लागला की जिवंत होणारी गाडी.

भारतात मात्र ही गाडी घ्यायला निघालेल्या माणसाची वाट सोपी नाही. चांगल्या गाड्या आल्या, त्यांचं कौतुक झालं आणि बहुतेक तीन-चार वर्षांत बंद झाल्या. आज नव्या गाड्यांत पर्याय मोजके आहेत, जुन्या बाजारात भरपूर आहेत, आणि दोन्हीकडे घाईने घेतलेला निर्णय महागात पडू शकतो. या गाड्या कुठून आल्या, आपल्याकडे का टिकल्या नाहीत, आज काय मिळतं आणि घेताना काय पाहावं, हे सगळं इथे एकत्र मांडतो आहे. माझं मत आधीच सांगतो: ब्रोशरमधल्या ताकदीच्या आकड्यावरून गाडी निवडणारा बहुतेकदा निराश होतो, वजन, सस्पेन्शन, टायर आणि ब्रेक पाहून निवडणारा वर्षानुवर्षं खूश राहतो.

सुरुवात जर्मनीत

सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय मांडली आणि १९७६ मध्ये ती विक्रीला आली. कंपनीतल्या काही उत्साही मंडळींनी हा प्रकल्प सुरुवातीला जवळपास गुपचूप पुढे रेटला होता. ५,००० गाड्या खपतील एवढाच अंदाज होता. प्रत्यक्षात पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या खपल्या.

त्या गाडीत १.६ लिटरचं, ११० पीएस ताकदीचं इंजिन होतं. आज हा आकडा साधा वाटतो. पण गाडीचं वजन ८०० किलोच्या आसपास होतं, आणि सारी जादू त्यात होती. एका टनामागे सुमारे १३५ पीएस पडत होते. हलकी गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते, वळणावर कमी झुकते आणि टायर-ब्रेकवर कमी ताण देते. ग्रिलभोवतीची लाल रेघ आजही जीटीआयची खूण आहे. सीटचं चौकड्यांचं कापड आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ ही गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या डिझायनरची देणगी.

१९८४ मध्ये आलेल्या प्यूजो २०५ जीटीआयने हाच विचार पुढे नेला. सुझुकीने स्विफ्ट स्पोर्टमध्ये तो जपला. तिच्या अलीकडच्या पिढीत १.४ लिटरचं टर्बो इंजिन होतं, ताकद १४० पीएस आणि वजन जपानी बाजारात फक्त ९७० किलो. ज्या देशात सर्वांत जास्त सुझुकी गाड्या धावतात, त्या देशात ही गाडी कधीच विक्रीला आली नाही. याचं कारण आपल्या करपद्धतीत आहे.

चार मीटर आणि बाराशे सीसी

२००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. छोटी गाडी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीच्या आत. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाही ही चौकट कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या चौकटीतल्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तिच्याबाहेरच्या गाडीवर ४० टक्के.

ही एक अट भारतीय हॅचबॅकचं नशीब ठरवत आली आहे. २००५ मध्ये आलेल्या पहिल्या स्विफ्टमध्ये १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन होतं. २०१० मध्ये त्या जागी १.२ लिटरचं इंजिन आलं. फोक्सवॅगन पोलोचं १.६ लिटरचं पेट्रोल इंजिन गेलं आणि नंतर ११९७ सीसीचं टर्बो आलं. १.४ किंवा १.६ लिटरची स्पोर्टी हॅचबॅक आपल्याकडे आणायची म्हणजे पहिल्याच पायरीवर मोठ्या गाडीचा कर भरायचा. त्या किमतीत ग्राहकाला समोर मोठी सेडान किंवा एसयूव्ही दिसते आणि तो तिकडे वळतो. म्हणून आपल्याकडे ‘स्पोर्टी’ या शब्दाचा खरा अर्थ आहे १.० किंवा १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०० ते १२० पीएस ताकद आणि चार मीटरच्या आत बसवलेली काया. अपेक्षा इथून सुरू केल्या तर पुढची निवड सोपी होते.

महाराष्ट्रात घडलेल्या, महाराष्ट्राबाहेरही गाजलेल्या

या गाड्यांच्या भारतीय इतिहासात मुंबई आणि पुण्याचा वाटा मोठा आहे. फियाटच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून २००१ मध्ये पालिओ बाहेर पडली. तिची जाहिरात सचिन तेंडुलकर करत होता. १.६ लिटरची, १०० बीएचपीची पालिओ जीटीएक्स त्या काळात कॉलेजमधल्या पोरांच्या तोंडी असायची. जड, भक्कम, रस्त्यावर ठाम बसणारी. पण पेट्रोल पिणारी. ‘कितना देती है’ विचारणाऱ्या बाजारात तिचा निभाव लागला नाही.

पुढे चाकणच्या कारखान्यातून पोलो आली. २०१३ ची पोलो जीटी टीएसआय ही माझ्या मते आपल्याकडच्या स्पोर्टी हॅचबॅकच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गाडी. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर टॉर्क आणि सात गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स. शून्यापासून शंभरचा वेग ९.७ सेकंदांत, असा कंपनीचा दावा होता. आकड्यांपेक्षा महत्त्वाची होती तिची घट्ट बांधणी आणि वेगात स्टिअरिंगवर येणारा विश्वास. २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-सिक्स निकष लागू झाले तेव्हा हे इंजिन गेलं आणि १.० लिटरचं, ११० पीएसचं तीन सिलिंडरचं टर्बो आलं. २०२२ मध्ये पोलोचं उत्पादनच थांबलं.

रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये फियाटने पुंटोची आबार्थ आवृत्ती आणली. १.४ लिटर टर्बो, १४५ पीएस, २१२ न्यूटन मीटर, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि किंमत ९.९५ लाख. शंभरचा वेग ८.८ सेकंदांत. इतक्या पैशांत इतकी ताकद तोवर कोणी दिली नव्हती. पण फियाटचं विक्री-सेवेचं जाळं तेव्हाच विरळ झालं होतं, आणि पुढे फियाट हे नावच आपल्या बाजारातून गेलं.

२०१७ मध्ये मारुतीने बलेनो आरएस आणली. २०१८ मध्ये टाटांनी कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्जबरोबर टियागो जेटीपी आणली: ११४ पीएस, खाली बसवलेलं सस्पेन्शन आणि किंमत ६.३९ लाख. पगारदार तरुणाला नवी कोरी घेता येईल अशी ती खरीखुरी स्पोर्टी हॅचबॅक होती. बीएस-सिक्स येईपर्यंत दोन्ही गाड्या बंद झाल्या. जून २०२४ मध्ये टाटांची अल्ट्रोझ रेसर आली, १२० पीएस आणि सहा गिअरची मॅन्युअल, सुरुवात ९.४९ लाखांपासून. मे २०२५ मध्ये अल्ट्रोझ नव्या रूपात आली तेव्हा तिच्या इंजिनांच्या यादीत टर्बो पेट्रोल नव्हतं.

या सगळ्या कथांचा शेवट सारखाच आहे. गाडी येते, मासिकं आणि यूट्यूबवाले मनापासून कौतुक करतात, शोरूममध्ये गर्दी होते, आणि घरी जाऊन ग्राहक त्याच पैशांत उंच बसायला मिळणारी छोटी एसयूव्ही बुक करतो. त्याला दोष देता येत नाही. आपल्या खड्ड्यांना, स्पीडब्रेकरना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांना उंच गाडी सोयीची पडते. पण ज्याला अशी गाडी खरोखर हवी आहे, त्याने एक धडा लक्षात ठेवावा: आवडलेली गाडी नवी मिळते आहे तोवर घ्यावी. पुढच्या आवृत्तीची वाट पाहणाऱ्याला पुढची आवृत्ती मिळेलच असं नाही.

मजा नेमकी कुठे असते

ताकदीचा आकडा मोठ्या रेव्हवर मिळतो आणि शहरात तिथवर सुई जातच नाही. रोजच्या चालवण्यात उपयोगी पडतो तो खालच्या रेव्हवरचा टॉर्क. घाटात उपयोगी पडतं सस्पेन्शनचं काम, स्टिअरिंगचं वजन आणि टायरची पकड. या गोष्टी टेस्ट ड्राइव्हमध्येच कळतात, आणि शोरूमचा ठरलेला दोन किलोमीटरचा फेरा त्यासाठी पुरत नाही. शोरूमच्या विक्रेत्याला आधीच फोन करून सांगा की अर्धा तास हवा, थोडा खराब रस्ता हवा आणि एखादा चढ हवा.

निघण्याआधी बसण्याची जागा नीट लावा. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे आणि पाठ सीटला टेकवून मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर आलं पाहिजे. इथेच जमत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ, कारण या गाड्या शरीराने चालवायच्या असतात.

मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगावरून पाय दाबा आणि ८० पर्यंत जाऊ द्या. टर्बो इंजिन आधी एक श्वास घेतं आणि मग खेचतं. तो श्वास किती लांब आहे, हे लक्ष देऊन पाहा. ट्रकला ओव्हरटेक करताना नेमकी हीच वेळ मोजली जाते. नंतर गाडी खराब तुकड्यावर न्या. २० च्या वेगाने स्पीडब्रेकर ओलांडल्यावर गाडी एकदाच खालीवर होऊन थांबली तर सस्पेन्शन चांगलं बसवलेलं आहे. दोन-तीन हेलकावे खात राहिली तर ती घाटात वळणामागून वळण आल्यावर अंग सावरू शकणार नाही. आणि धाडकन आदळली तर आपल्या रस्त्यांवर ती रोज त्रास देईल.

एखादा मोठा गोल चौक मिळाला तर बेताच्या वेगाने फेरा घ्या. स्टिअरिंग हलक्या हाताने धरा. पुढची चाकं काय करताहेत हे हाताला कळतं का? रस्ता ओला-कोरडा झाला तर फरक जाणवतो का? मग मागे कोणी नाही हे पाहून ६० वरून जोरात ब्रेक लावा. गाडी सरळ रेषेत, नाक फार न खुपसता थांबली पाहिजे. शेवटी गाडी मुद्दाम गर्दीत न्या आणि दहा मिनिटं रांगेत सरकवा. ऑटोमॅटिक असेल तर ती धक्के देते का, आणि मॅन्युअल असेल तर क्लच पायाला जड पडतो का, हे तिथेच समजतं. आठवड्याचे सहा दिवस गाडी याच अवस्थेत राहणार आहे.

आज नवी घ्यायची तर

आपल्याकडे आज नव्या कोऱ्या गाड्यांत या वर्गाचा झेंडा ह्युंदाईच्या आय-ट्वेंटी एन लाइनच्या हाती आहे. २०२१ मध्ये ती आली तेव्हा तिच्यासोबत क्लच पेडल नसलेला मॅन्युअल गिअरबॉक्स होता. हौशी चालकांना तो रुचला नाही. २०२३ मध्ये कंपनीने त्या जागी सहा गिअरचा साधा मॅन्युअल दिला आणि गाडी खरी झाली. ९९८ सीसीचं टर्बो, १२० पीएस, १७२ न्यूटन मीटर, सोबत सात गिअरच्या ड्युअल क्लचचा पर्याय. साध्या आय-ट्वेंटीपेक्षा सस्पेन्शन कडक, स्टिअरिंग जड, आणि मागेही डिस्क ब्रेक. युरोपात विकल्या गेलेल्या २०४ पीएसच्या आय-ट्वेंटी एन या गाडीशी तिची गल्लत करू नये; ती वेगळीच चीज होती. पण आपल्या रस्त्यांवर रोज चालवायला एन लाइन पुरेशी चपळ आहे. हौशी माणसाने मॅन्युअल घ्यावी.

दुसरं नाव अनेकांना पटणार नाही, पण मी ते आग्रहाने घेतो: साधी स्विफ्ट. २०२४ च्या स्विफ्टमध्ये फक्त ८२ पीएस आहेत आणि टर्बो नाही. पण वजन ९०० किलोच्या थोडंच वर आहे. ही गाडी वेगवान नाही, पण हाताला हलकी आहे, वळायला उत्सुक आहे आणि तिची पूर्ण ताकद कायद्यात राहून वापरता येते. सहा एअरबॅग आणि ईएससी सगळ्या आवृत्त्यांत आहेत, सर्व्हिस गावोगावी मिळते. मॅन्युअल स्विफ्ट आणि वर एक उत्तम टायरचा संच, एवढ्यावर कमी खर्चात पुष्कळ आनंद मिळतो. मारुतीतच टर्बो हवं असेल तर ते फ्राँक्समध्ये आहे, १०० पीएसचं. पण तिची प्रकृती शांत प्रवासी गाडीची आहे.

सिट्रोएन सी-थ्रीच्या टर्बो आवृत्तीकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. ११० पीएस आणि मॅन्युअलमध्ये १९० न्यूटन मीटर टॉर्क हे या किमतीत भरभक्कम आकडे आहेत, आणि खराब रस्ता ती या वर्गात सर्वांत छान पचवते. वळणावर ती झुकते, आतली सजावट साधी आहे, सर्व्हिस सेंटर मोजकी आहेत. आपल्या शहरात ते आहे का, हे पाहूनच पुढे जावं.

पोलोच्या आठवणीत रमलेल्यांना आज चाकणमधून मिळतं ते उत्तर हॅचबॅक नाही: स्कोडा कायलॅक ही चार मीटरच्या आतली एसयूव्ही. पोलोच्या शेवटच्या वर्षांतलं १.० लिटरचं टर्बो इंजिन इथे ११५ पीएसच्या रूपात आहे. उंच असूनही ती वेगात ठाम बसते, आणि भारत एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत तिला पाच तारे आहेत. घरच्यांना उंच गाडी हवी आणि आपल्याला चालवायला चांगली हवी, असा तह करायचा असेल तर तो इथे होतो.

यापुढे एकदम मोठी उडी आहे. मे २०२५ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय अखेर भारतात आणली: २ लिटर टर्बो, २६५ पीएस, शंभरचा वेग ५.९ सेकंदांत आणि एक्स-शोरूम किंमत सुमारे ५३ लाख. मिनी कूपर एस २०२४ मध्ये ४४.९० लाखांना आली. दोन्ही आयात होतात आणि दोन्ही अस्सल आहेत. बारा लाख आणि चाळीस लाख यांच्यामध्ये मात्र आपल्या बाजारात स्पोर्टी हॅचबॅक नाही. ही पोकळी मला मनापासून खुपते. कर मोजण्याची पद्धत इंजिनाच्या आकाराऐवजी धुराच्या किंवा इंधनखर्चाच्या मापावर आली, तर हलक्या, ताकदवान आणि काटकसरी गाड्यांना इथे वाव मिळेल.

जुनी घ्यायची तर

म्हणूनच खरी निवड सेकंडहँड बाजारात आहे. पोलो जीटी टीएसआयची मागणी तिथे अजून टिकून आहे. २०२० च्या आधीची असेल तर ड्युअल क्लच गिअरबॉक्सची तपासणी ही पहिली अट. कोरड्या क्लचचे असे गिअरबॉक्स गर्दीत सरकताना तापतात आणि दुरुस्ती महाग असते. २०२० नंतरच्या ऑटोमॅटिकमध्ये सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, तो अधिक निर्धास्त. सर्वांत निश्चिंत व्हायचं असेल तर १.० टीएसआय मॅन्युअल शोधावी.

आबार्थ पुंटो घ्यायची ती प्रेमापोटी, आणि ती चांगली ओळखणारा मेकॅनिक आधी गाठून. बलेनो आरएस हा शहाण्याचा सौदा आहे: बरेचसे सुटे भाग साध्या बलेनोचेच. टियागो जेटीपी कमी खपली, पण तिचा सांगाडा आणि बहुतेक भाग नेहमीच्या टियागोचे आहेत. डिझेलची ओढ असलेल्यांसाठी फोर्ड फिगोचं १.५ लिटर, १०० पीएस आणि २१५ न्यूटन मीटरचं इंजिन आजही जबरदस्त खेचतं. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, हे लक्षात ठेवून किंमत ठरवावी. अल्ट्रोझ रेसर कमी चाललेली मिळाली तर जरूर पाहावी. अल्ट्रोझला २०२० मध्येच ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले होते.

अशी गाडी पाहायला जाताना मालकाला सांगावं की इंजिन सुरू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड इंजिनाची तक्रार लपवली जात असण्याची शक्यता आहे. थंड इंजिन सुरू करून मागे उभं राहा. निळसर धूर म्हणजे तेल जळतं आहे, आणि टर्बो गाडीत ते मोठ्या खर्चाचं लक्षण असू शकतं. पुढचे टायर हाताने चाचपा. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा जास्त घासलेली असेल तर अलाइनमेंट बिघडलं आहे, किंवा गाडी स्प्रिंग बदलून खाली बसवली आहे. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालकाने गाडीवर किती जीव लावला, ते कळतं. ब्रेकच्या डिस्कच्या कडेवर नख फिरवा. ठळक कंगोरा लागला तर डिस्क बदलायला आली आहे.

कागद पाहताना सर्व्हिसच्या नोंदींत तेलबदलाच्या तारखा पाहा. टर्बो तेलावर जगतो. वर्षभर तेल न बदललेली गाडी दिसायला कितीही चकचकीत असो, सोडून द्यावी. आणि थेट विचारा: रीमॅप केली आहे का? संगणकात बदल करून ताकद वाढवलेली गाडी सुरुवातीला फार छान पळते, पण क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बोने तो भार आधीच सोसलेला असतो. अशा गाडीची किंमत कमी करून नव्हे, नकार देऊनच पुढे जावं.

खर्च, कायदा आणि रस्ता

किंमत ऑन-रोड धरावी. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवर दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के एकरकमी रस्ता कर आहे. दहा लाखांची रेषा किंचित ओलांडणारी आवृत्ती घेतली तर कर सुमारे १.१० लाखावरून १.२० लाखावर जातो. सनरूफ किंवा वरच्या रंगसंगतीसाठी ही रेषा ओलांडण्याआधी विचार करावा. विम्यात मात्र छोट्या टर्बोचा फायदा होतो. थर्ड पार्टीचा वार्षिक दर १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आहे. ९९८ सीसीची एन लाइन सर्वांत खालच्या गटात बसते.

ॲव्हरेजबद्दल प्रामाणिक राहावं. छोटं टर्बो हलक्या पायाने चालवलं तर चांगलं देतं, दाबलं की झपाट्याने घटतं. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, त्यानेही ॲव्हरेज थोडं उतरतं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत या इंधनाला चालणारे भाग आहेत; त्याआधीची गाडी घेत असाल तर इंधनाचे पाइप आणि सील तपासून घ्यावेत.

फेरफारांबाबत कायदा स्पष्ट आहे. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला असा बदल हे आयतं कारण मिळतं. चांगल्या दर्जाचे टायर, चांगले ब्रेक पॅड, दर सहा महिन्यांनी अलाइनमेंट, एवढ्यात गाडी पुष्कळ सुधारते आणि कायदाही मोडत नाही.

आणि वेग. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाड्यांना मर्यादा १०० ची, घाटात ६० ची. समृद्धी महामार्गावर सपाटीला १२० ची. या मर्यादेपर्यंत साधी गाडीही आरामात जाते. म्हणजे स्पोर्टी हॅचबॅकचा उपयोग जास्त वेगासाठी नाहीच. तिचा उपयोग आहे तो ६० च्या वेगात घाट चढताना मिळणाऱ्या नियंत्रणासाठी: ओव्हरटेक कमी वेळात संपावा, समोर अचानक म्हैस आली तर गाडी सरळ थांबावी, ओल्या वळणावर चाकं ठाम राहावीत. खरोखर जोरात चालवायची ओढ असेल तर कोइमतूरची करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा ट्रॅक या त्यासाठीच्या जागा आहेत. तिथे एखाद्या प्रशिक्षकासोबत घालवलेला दिवस वर्षभराच्या घाटफेऱ्यांपेक्षा जास्त शिकवतो. सार्वजनिक रस्त्यावर समोरून येणाऱ्या दुचाकीवरच्या कुटुंबाने आपल्या हौसेला संमती दिलेली नसते.

मग कोणती घ्यावी

दहा-बारा लाखांपर्यंत नवी घ्यायची आणि गाडी हेच वेड असेल, तर एन लाइनची मॅन्युअल. बजेट कमी असेल आणि चालवण्याचा निर्मळ आनंद हवा असेल, तर मॅन्युअल स्विफ्ट आणि वाचलेल्या पैशांतून उत्तम टायर. खराब रस्त्यांचा तालुका आणि जवळ सर्व्हिस सेंटर असेल, तर सी-थ्री टर्बो. घरच्यांचा उंच गाडीचा हट्ट असेल, तर कायलॅक. जुन्या बाजारात हिंडायची तयारी आणि ओळखीचा मेकॅनिक असेल, तर १.० टीएसआय पोलो मॅन्युअल किंवा बलेनो आरएस. किमतीच्या दहा टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवूनच अशी जुनी गाडी घ्यावी; ती तयारी नसेल तर नवीच बरी.

आणि निर्णय झाला की फार थांबू नये. कंपन्या आपल्या लाइक आणि कॉमेंट मोजत नाहीत, बुकिंग मोजतात. जेटीपी, आरएस, आबार्थ या गाड्या गेल्या त्या वाईट होत्या म्हणून गेल्या नाहीत. त्यांचं कौतुक करणारे हजारो होते आणि चेक लिहिणारे थोडे. चालवायला आवडणाऱ्या माणसांनी अशा गाड्या नव्या असताना, पूर्ण किमतीला, शोरूममधून घेतल्या, तरच पुढची पिढी तयार होईल.